आधी काच, मग गोळी

आमच्या घरात एकाही डब्याला झाकण सापडणार नाही. सगळी झाकणं मागच्या खोलीत. का, तर झाकण फरशीवर घरंगळवलं की जुन्या गाडीचं चाक निखळल्यासारखा आवाज येतो. आता संसार करायचा की चाकं निखळवायची, हे मी लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून विचारतेय आणि आमचे हे सत्तावीस वर्षं एकच उत्तर देतायत, "अगं, उद्या आणून ठेवतो."

ह्यांचं काम लोकांना पटकन कळत नाही. सिनेमात माणूस चालतो ना, तो आवाज त्याच्या बुटांचा नसतो, आमच्या ह्यांच्या बुटांचा असतो. शूटिंगच्या वेळी माइक बोलण्यावर रोखलेला, बाकीचे आवाज एकतर येत नाहीत, नाहीतर भलतेच येतात. मग ते चित्र आमच्या मागच्या खोलीत येतं. तिथे भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, जमिनीवर वाळूचा, खडीचा, लाकडी फळ्यांचा असे चौकोन केलेत, समोर पडदा, मध्ये माइक. पडद्यावरचा माणूस चालला की हे चालतात. बाई चालली की बाईसारखे चालतात. टाचेचे बूट घालून ठुमकत निघालेला हा मिशीवाला मी पहिल्यांदा बघितला तेव्हा हसून हसून माझी पुरेवाट झाली होती. कोबीचा गड्डा म्हणजे गुद्दे, गाजर मोडलं की हाड. मारामारीचा सिनेमा आला की आमच्याकडे चार दिवस कोबी. गल्लीत ह्यांना खडखडबुवा म्हणतात, आणि हेही त्या नावाला ओ देतात.

माणूस नाकासमोर बघून चालणारा. कामात एकच नेम: चित्र बघायचं, गोष्ट विचारायची नाही. "गोष्ट कळली की हात जड होतो," म्हणायचे. "दुःखाची गोष्ट आहे म्हटलं की खुर्चीसुद्धा रडत सरकते. खुर्चीने खुर्चीसारखं सरकावं." मला हे फार शहाणपणाचं वाटायचं. चारचौघांत मी ते कौतुकाने सांगायचे, आता सांगायची सोय उरली नाही.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. दोन गल्ल्या सोडून राहतात, इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करतात. अठरा वर्षांपूर्वी टायरच्या कारखान्याच्या फाटकावर पोलिसांनी गोळी चालवली आणि चार माणसं गेली. त्यातले एक आमचे दाजी, वन्संचा नवरा. एका कामगाराचा हात यंत्रात गेला होता, साहेबांनी बाहेर येऊन दोन शब्द बोलावेत एवढ्यासाठी लोक फाटकाबाहेर उभे होते. सरकारचं म्हणणं पडलं, जमावाने आधी दगड मारून पहारेकऱ्याच्या चौकीची काच फोडली, म्हणून गोळी चालवावी लागली. वन्सं त्या वेळी दाजींचा डबा घेऊन रस्त्यापलीकडे पोचल्या होत्या. चौकशी बसली तेव्हा त्यांनी उभं राहून सांगितलं, "आधी गोळी वाजली, मग काच. काच गोळीनेच फुटली. आमच्या माणसाचे हात रिकामे होते." वकिलांनी त्यांना उलटंसुलटं करून विचारलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. शेवटी नक्की काही सांगता येत नाही असं लिहून चौकशीची फाइल बंद झाली. वन्संचं तोंड मात्र बंद झालं नाही. कोणी विचारो न विचारो, अठरा वर्षं तेच वाक्य, त्याच क्रमाने. दाजींचं म्हणून त्यांच्यापाशी उरलं होतं ते तेवढंच.

आम्ही त्या वेळी दुसऱ्या शहरात होतो. हे धावत आले ते थेट इस्पितळात. त्या फाटकाकडे ह्यांनी पुढे कधी पाय वळवला नाही, आतून तर ते कसं दिसतं हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं.

तर यंदाची निवडणूक. पूर्वी पक्षवाले पत्रकं वाटायचे, भिंती रंगवायचे. आता जो उठतो तो माहितीपट काढतो. नेत्याचं बालपण, नेत्याचा त्याग, विरोधी नेत्याची काळी कृत्यं, पाऊण पाऊण तासाचे माहितीपट आठवड्याला चार. सगळ्यांना घाई आणि सगळे येणार आमच्याकडेच. पंधरा दिवसांत नऊ कामं. या पक्षाच्या सभेला ज्या टाळ्या, त्याच त्या पक्षाच्या सभेला. ह्यांच्या कपाटात टाळ्यांच्या सहा जाती आहेत, त्यातली तीन नंबरची दोघांनाही आवडली. मी म्हटलं, "अहो, एकाच माणसांनी दोघांना टाळ्या वाजवल्या की!" तर म्हणाले, "मतदारसुद्धा तेच आहेत ना?" आम्ही दोघं खो खो हसलो. तेव्हा हसू येत होतं.

त्या नऊमधलं एक काम एका दाढीवाल्या दिग्दर्शकाचं होतं. त्याने सगळा माहितीपट दिलाच नाही, नुसते तुकडे दिले, नंबर घातलेले. असंच देतात, चोरी होऊ नये म्हणून. चौदा नंबरचा तुकडा होता अकरा सेकंदांचा. उंचावरून काढलेला, जुना, फुटलेला, मुका. खाली पाठमोरे पोलीस, पुढे एक फाटक, पलीकडे मुंगीएवढी माणसं. कोपऱ्यात एक चौकी, तिची काच पडते. एका बंदुकीच्या तोंडाशी धुराचा पुंजका. माणसं पळतात. सोबत चिठ्ठी: गर्दी, पळापळ, काच, गोळी.

त्या दिवशी ह्यांचा उजवा खांदा धरला होता, हात वर जाईना. माझं डोकं आधीच तापलेलं, कारण माझ्या शिलाई मशीनचं पायडल खोलून ह्यांनी बैलगाडीचा की कसला तो आवाज केला होता. म्हणाले, "एवढी काच तू आपट. रागात आहेस तर चांगली आपटशील." कपाटाची जुनी काच होती. मी ती दोन्ही हातांनी डोक्यावर घेतली आणि अशी आपटली की पायाजवळचा माइक आडवा झाला. हे खूश! "वा! अशी काच जन्मात ऐकली नाही." मीही खूश. खोटं कशाला बोलू, त्या कौतुकाने माझा राग उतरला.

मग ती काच चित्राला जुळवायची. ह्यांची एक सवय आहे, ह्या धंद्यात बऱ्याच जणांची असते. बारीकसारीक गोष्ट चित्राच्या कोपऱ्यात घडत असेल तर तिचा आवाज जरासा आधी द्यायचा. कान आधी ऐकतो, डोळा मागून तिकडे धावतो. बरोबर वेळेवर आवाज दिला तर डोळा पोचेपर्यंत काच पडून गेलेली असते. म्हणून अर्धा सेकंद आधी. गोळी मात्र धुरावर अचूक. हे सगळं हात आपोआप करतो, हे त्यावर विचारही करत नाहीत. तुकडा गेला, दुसरं काम आलं.

मतदानाला आठ दिवस होते. रविवारी सकाळी वन्संचा निरोप आला, "अकरा वाजता टीव्हीवर आमचं फाटक दाखवणार आहेत. दोघं या." तेव्हाचे गृहमंत्री आता सगळ्यात वरच्या खुर्चीसाठी उभे होते आणि गोळीबाराचा डाग पुसायला त्यांच्या माणसांनी माहितीपट काढला होता. कारखान्याच्या मालकांकडे एवढी वर्षं पडून असलेलं चित्रीकरण सापडलं म्हणे, कोणीही न पाहिलेलं. वन्सं खुशीत होत्या. "बरं झालं," म्हणाल्या, "मी एकटी बोलतेय म्हणून कोणाला खरं वाटत नव्हतं. आता सगळं जग बघेल." त्यांनी चहा ठेवला, टीव्हीपुढे तीन खुर्च्या मांडल्या, मधली स्वतःला.

अर्धा तास नेत्याचं गुणगान झालं. मग निवेदक खालच्या पट्टीत म्हणाला, आता पाहा त्या दिवसाचा पुरावा. आणि पडद्यावर चौदा नंबर आला.

खळ्ळ! मग धाड्!

ती माझी काच होती. पोटच्या पोराचं रडणं आईने ओळखावं तशी मी ती काच ओळखली. ह्यांच्याकडे बघितलं तर चेहरा पांढराफटक, जसा काही माणूस खुर्चीत बसल्याबसल्या आतून उठून गेला. निवेदक म्हणाला, पुन्हा ऐका. आणि त्यांनी तेच संथ करून ऐकवलं. आधी काच. मग गोळी. तिसऱ्यांदा ऐकवलं. "अठरा वर्षं जी दिशाभूल केली गेली," तो म्हणाला, "तिचं उत्तर तुमच्याच कानांनी तुम्हाला दिलं आहे."

वन्सं हलल्या नाहीत. जाहिरात लागली तरी पडद्याकडेच बघत होत्या. मग मान वळवून त्यांनी ह्यांना विचारलं, "भाऊ, तू कानाचा माणूस. तू सांग. आधी काय वाजलं?"

एवढंच सांगायचं होतं की ताई, ते आमचं आहे, आम्ही केलंय. मी मनात ओरडत होते, बोला, बोला हो! पण धक्क्याने माणसाचं काय होतं बघा. डोकं बंद पडतं आणि सवय चालू राहते. कानाला विचारलं, कानाने उत्तर दिलं. हे म्हणाले, "आधी काच."

वन्संनी मान हलवली. "म्हणजे मीच चुकले," म्हणाल्या. ना रडल्या, ना ओरडल्या. कप गोळा करून आत गेल्या आणि आतून म्हणाल्या, "उद्या दहाला ती पत्रकार बाई येणारेय. सांगून टाकते तिला. माझ्या खोट्यावर मतं नको पडायला कोणाची."

तरी माझी जीभ उचलली नाही. मी, जी झाकणावरून सत्तावीस वर्षं भांडतेय, ती मी दारात चपला शोधत उभी राहिले. आम्ही घरी आलो.

घरी आल्यावर मात्र मी ह्यांना फाडून खाल्लं. "तुमचा मेहुणा गेला त्यात! डोळे फुटले होते?" ह्यांनी मागच्या खोलीत जाऊन मूळ मुका तुकडा लावला आणि एकेक चित्र पुढे सरकवत गेले. सेकंदाला पंचवीस चित्रं असतात. धूर दिसला. एक, दोन, तीन, चार, आणि मग काच पडली. धूर आधी. काच नंतर. चार चित्रांनी नंतर. वन्सं अठरा वर्षं अक्षरन् अक्षर खरं बोलत होत्या. आणि ह्यांच्या त्या अर्ध्या सेकंदाने काच उचलून गोळीच्या पुढे नेऊन ठेवली होती. हे नुसते म्हणाले, "समोर होतं गं. मी बघितलंच नाही. मी कोपरा बघत होतो."

फोन लावला दाढीवाल्याला. मला वाटलं होतं घाबरेल, थातुरमातुर बोलेल. पोरगा अगदी गोड बोलला.

"काका, काम फारच सुंदर झालंय. सगळे त्या काचेबद्दल विचारतायत."

"अरे, तो आवाज मी घातलाय. चित्रात क्रम उलटा आहे. तुम्ही त्याला पुरावा म्हणता?"

"चित्र खरं आहे ना काका? आवाज घातल्याचं शेवटी पाटीत लिहिलंय, तुमच्या नावासकट. आम्ही कुठे लपवलं?"

"पण काच आधी घाला असं तुम्ही मला सांगितलं होतंत का?"

"छे हो! आम्हाला तर क्रम माहीतच नव्हता. आमचं निवेदन आधी वेगळंच होतं, काही ठरवता येत नाही असं. तुमचा तुकडा आला, ऐकला, आणि आम्ही उडालोच. मग निवेदन बदललं."

मला वाटत होतं, कोणीतरी ह्यांच्याकडून हे करून घेतलंय. त्याला चार शिव्या हासडायच्या म्हणून मी फोनजवळ तोंड नेऊन उभी होते. शिव्या घशातच राहिल्या. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी फसवलं नव्हतं. त्या लोकांनी आमच्याकडूनच ऐकलं होतं. बरं, आता खरं कळल्यावर तरी? "मतदान झालं की बघू काका," म्हणाला आणि फोन ठेवला. आपलेच दात, आपलेच ओठ.

सोमवारी सकाळी साडेआठलाच आम्ही वन्संच्या दारात. ह्यांनी लॅपटॉप बगलेत धरला होता. वन्संनी ठेवणीतली साडी नेसून केस विंचरले होते, पण डोळे तांबारलेले. ह्यांनी उंबऱ्यातच सगळं ओकून टाकलं. काच हिने आपटली, मी पुढे ओढली, मला माहीत नव्हतं ते फाटक आपलं आहे, काल तुझ्यापुढे माझी दातखीळ बसली. ताई, तू खरी आहेस. पहिल्यापासून तूच खरी आहेस.

मी वाट बघत होते की आता वन्सं ह्यांच्या थोबाडीत देतील. मला चालली असती, मीही गाल पुढे केला असता. त्या शांतपणे म्हणाल्या, "दाखव."

ह्यांनी मुका तुकडा लावला. धूर, मग काच. थांबवून दाखवलं, बोट ठेवून दाखवलं. वन्संनी चष्मा लावून नीट बघितलं. दोनदा बघितलं.

"याला आवाजच नाही रे," म्हणाल्या.

"नाहीच आहे ताई. कधीच नव्हता. तोच तर मी घातला."

"हो, ते कळलं मला." त्यांनी चष्मा काढला. "धूर आधी आहे, दिसतंय. तू म्हणतोस ते खरं आहे. पण भाऊ, कालपासून मी डोळे मिटले की मला आधी काच ऐकू येते. खळ्ळ, मग धाड्. मी तिथे उभी होते. डबा माझ्या हातात होता. मी माझ्या कानांनी ऐकलं होतं, आणि आता माझं मला ऐकू येत नाही. तुमचंच येतं."

मला वाटलं होतं खरं सांगितलं की संपलं. चूक केली, कबूल केली, शिव्या खाल्ल्या, सुटलो. पण आम्ही ज्याची मोडतोड केली होती ते टीव्हीत नव्हतंच.

दहाला पत्रकार बाई आली. चुणचुणीत होती, वाईट नव्हती. तिने विचारलं, "बाई, तुम्ही चौकशीत सांगितलं होतं, आधी गोळी. आज काय म्हणाल?" वन्संनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "मी तेव्हा जे सांगितलं ते खरं होतं. पण आज मला ते आठवत नाही." बाईने लिहून घेतलं. यातली कुठली ओळ छापून येईल हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

तेव्हा हे मध्ये पडले. मुका तुकडा दाखवला, काच कशी केली ते सांगितलं, अर्धा सेकंद सांगितला, आणि ती आपटताना माझ्या हाताला आलेला ओरखडाही मी पुढे केला. बाईने सगळं लक्षपूर्वक ऐकलं. शेवटी म्हणाली, "तुम्ही गेलेल्यांचे मेहुणे ना?"

"हो."

"आणि पैसे घेऊन माहितीपटाचं कामही तुम्हीच केलंत."

"हो."

तिने पेनाला टोपण लावलं. "मी लिहीन," म्हणाली, "पण लोकांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलंय हो. माझ्या आईला तर आता आठवतंय की त्या दिवशी तिला चार गल्ल्या पलीकडून काच ऐकू आली होती." त्यात तिला गंमत वाटली असावी, ती जराशी हसली आणि निघून गेली.

आम्ही तिघं उरलो. हे भिंतीला टेकून खाली बसले आणि पन्नाशी उलटलेला हा माणूस बहिणीपुढे लहान पोरासारखा रडायला लागला. वन्संनी रडू दिलं. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, "उठ. रडून काय होणारेय? तुला आवाज करता येतात ना? मग माझा मला करून दे. त्या दिवशी होता तसा. गोळी, मग काच. मी रोज ऐकत जाईन. पुन्हा बसेल डोक्यात."

ह्यांनी डोळे पुसले. लगबगीने उठले. चेहऱ्यावर जरा रंग आला, कारण काम सांगितलं होतं आणि काम ह्यांना येतं. खिशातली वही काढली, पेन्सिल काढली, आणि गिऱ्हाइकाला विचारतात तसं विचारलं, "सांग ताई. गोळी कशी होती? जवळची की लांबची? काच पातळ की जाड? मध्ये किती वेळ गेला?"

वन्संनी सांगायला तोंड उघडलं. डोळे मिटले. ओठ हलले, पुन्हा हलले. ह्यांची पेन्सिल वहीवर टेकलेली होती. वन्संनी दोन्ही हात कानांवर घट्ट दाबून धरले, आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुमची काच जाड होती का गं?"